सर्व्हरने मला विचारलेलं

वर्तकनगरच्या आमच्या घरात फ्रिजच्या डोक्यावर एक कॉम्प्युटर असायचा. त्याला ना स्क्रीन होता, ना कीबोर्ड. मामाच्या ऑफिसने जुनी मशिनं काढून टाकली तेव्हा त्याने हे एक रिक्षात घालून आणलेलं, आणि ते ठेवायला घरात तेवढी एकच जागा उरलेली. त्याचा पंखा अखंड घुमायचा. सकाळी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची, तव्यावर जवळा परतत असायचा, कुकर शिट्ट्या काढायचा, खालून भंगारवाला ओरडत जायचा, आणि या सगळ्याच्या वर ती घूंऽऽ. पप्पा सिटी बसवर कंडक्टर होते. दिवसभर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला घरात जरा शांतता हवी असायची. "हे कधी बंदच होत नाही का गं?" ते विचारायचे. "पप्पा, आत माणसं आहेत," ताई म्हणायची. मग ते मान हलवून छताचा पंखा एक नंबर वाढवायचे, म्हणजे एका घरघरीत दुसरी घरघर.

आतली माणसं खरीच होती. तो ताईचा सर्व्हर होता. ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं, डोंगर, गावं उभी करायचा एक गेम असतो, तो पुष्कळांनी मिळून खेळायचा तर ते जग कुठल्यातरी एका मशिनवर राहावं लागतं. सगळे खेळाडू जेवायला उठून गेले तरी ते तिथे तसंच राहतं. आमच्या फ्रिजवर तसं एक शहर राहत होतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले पंचवीस-तीस जण तिथे बांधकाम करायचे आणि निम्मे आमच्याच बाजूचे म्हणून त्याला कुणीतरी 'वर्तकनगर दोन नंबर' असं नाव दिलेलं. मूळ गेममध्ये सगळं दगड, माती आणि लाकूड. ताईने त्यात मॉड घातलेले. मॉड म्हणजे लोकांनी बनवलेल्या छोट्या फाइली, त्या सर्व्हरवर टाकल्या की गेममध्ये नसलेल्या वस्तू मिळतात. तिच्या शहरात रंगीत काचा होत्या, पितळी कंदील होते, लोखंडी कमानींचा पूल होता. तिने एक वाचनालय बांधलेलं, त्याचं सगळं छप्पर काचेचं. गेममधला सूर्य मावळताना त्या काचांतून खालच्या फरशीवर जांभळा उजेड पडायचा. आई कधीकधी लाटणं हातात तसंच घेऊन ताईच्या मागे येऊन उभी राहायची आणि लॅपटॉपवर ते बघायची.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. शाळेत असतानाच तिचे स्नायू दुबळे व्हायला लागलेले. आधी जिने, मग चालणं, मग बसणं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे ती खाली उतरायची ती फक्त दवाखान्यासाठी, पप्पांच्या पाठीवर. मी हे लिहितोय तेव्हा माझ्या दाढीत पांढरे केस आलेत, आणि इतक्या वर्षांनी मला सगळ्यात स्पष्ट आठवतात ती तिची बोटं. लांब, बारीक, नखं नीट कापलेली. माझ्या बारावीच्या वर्षी त्यांतली एकेक थांबत गेली. आधी ती दोन्ही हातांनी खेळायची, मग एका हाताने, मग माउस मी धरायचो आणि ती सांगायची, "डावीकडे. थोडं. अरे थोडं म्हटलं ना! आता ठेव." एक वीट ठेवायला आम्हा दोघांना एक मिनिट लागायचं. मी कंटाळायचो. मित्र खाली क्रिकेटला हाका मारायचे, आणि मी माउस आपटायचोही. ते ती काही न बोलता ऐकून घ्यायची, हे आता आठवलं की मला पुढचं लिहवत नाही.

त्या वर्षी तिच्या मणक्याचा बाक इतका वाढला की फुप्फुस दाबलं जायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पाठीत सळ्या घालायच्या. पप्पांनी विचारलं, "धोका किती?" डॉक्टर म्हणाले, "श्वास हा प्रश्न आहे. नंतर काही दिवस मशिनवर ठेवावं लागेल. आणि हातात आत्ता जी ताकद आहे, ती नंतर किती राहील ते सांगता येत नाही." ताई तिथेच बसलेली. घरी आल्यावर ती लॅपटॉपकडे बघत मला म्हणाली, "मिल्या, एक मॉड आहे. एका बटणावर चालणारा."

तिने तो महिनाभर शोधलेला. स्क्रीनवर एक पट्टी आपोआप सरकत राहायची: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, ठेव, काढ. हवं ते आलं की बटण दाबायचं, बस्स. एका बोटाचं काम. बटणासाठी तिने मला एक जुना माउस उघडायला लावला आणि त्याच्या वायरींना दाराच्या बेलचं बटण जोडून घेतलं. पण तो मॉड आमच्या जुन्या सर्व्हरवर चालणार नव्हता. सर्व्हर नवा करायचा म्हणजे सगळ्या मॉडच्या नव्या फाइली टाकायच्या. अशा चौदा फाइली होत्या. तिने मला क्रम सांगितला, मी वहीत लिहून घेतला. पहिली ओळ होती: आधी जगाची कॉपी काढ. "ही ओळ सोडलीस तर मारीन," ती म्हणाली. सोमवारी तिला अ‍ॅडमिट करायचं होतं. रविवारी तिने समोर बसून हे काम माझ्याकडून करून घ्यायचं, असं ठरलं.

शनिवारी सकाळी आई-पप्पा तिला तपासण्यांसाठी घेऊन गेले. घरात मी एकटा. मला वाटलं, ती येईपर्यंत सगळं करून ठेवतो, आल्या आल्या बटण हातात देतो. खरं सांगायचं तर रविवारी मॅचही होती. जगाची कॉपी काढायला घेतली तर मशिनवर जागा नाही. जुनी एक कॉपी पडलेली होती. ती पुसली की नवी मावेल म्हणून मी ती पुसली. तरीही नवी अर्ध्यावर अडकली. मी वैतागलो. पाच मिनिटांचं काम आहे, काय होणार, असं म्हणून पुढे गेलो. फाइली टाकल्या, खेळणाऱ्या सगळ्यांनाही त्याच पाठवल्या आणि सर्व्हर सुरू केला.

सर्व्हर सुरू झाला नाही. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळी धावल्या आणि थांबल्या. या जगात हजारो वस्तू अशा आहेत की ज्यांची फाइल मला सापडत नाही, असा त्याचा अर्थ होता. पुढे गेलात तर त्या कायमच्या जातील. पुढे जायचं का?

सर्व्हरने मला विचारलेलं. हे मी नंतर अनेकांना सांगितलं, पण मनातल्या मनात ते अजूनही पहिल्यांदाच सांगतो. मला कुणी फसवलं नाही, वीज गेली नाही, मशिन बिघडलं नाही. त्याने स्वच्छ विचारलं आणि मी ओळ अर्धवट वाचून 'हो' म्हणून टाइप केलं, आणि भूक लागली म्हणून खाली वडापाव खायला गेलो. तिथे मित्र भेटले. वर आलो तेव्हा दीड-दोन तास झालेले.

लॅपटॉपवर गेमच्या चॅटमध्ये ओळी चढत होत्या. "भाई ये क्या हुआ?" "पूल कुठे गेला?" "अरे कोणी अ‍ॅडमिन आहे का?" मी आत शिरलो. सगळ्या काचा गेलेल्या. कंदील गेलेले. पूल नाही, नुसते दोन्ही तीरांवर दगडी खांब. दिवे गेल्यामुळे शहरभर अंधार, आणि त्या गेममध्ये अंधार झाला की राक्षस येतात, ते गल्लीगल्लीत फिरत होते आणि दिसेल त्याला मारत होते. वाचनालयाच्या चार भिंती उभ्या होत्या, वर उघडं आभाळ. मी यादी पुन्हा बघितली. माझ्या फोल्डरमध्ये तेराच फाइली होत्या. काच, कंदील आणि लोखंडाची चौदावी राहिलेली. ती धावतपळत टाकली, सर्व्हर बंद करून चालू केला. काही उपयोग झाला नाही. सर्व्हर दर पाच मिनिटांनी सगळं साठवतो. लोक शहरभर फिरलेले आणि ते जिथे जिथे गेले तिथे तिथे त्याने नसलेलं शहर साठवून टाकलेलं.

मी दुपारभर जे जे सुचेल ते केलं. पुसलेल्या फाइली परत आणायचे प्रोग्रॅम लावले, ते मशिन कुरकुरत राहिलं आणि हाती फुटके तुकडे आले. अनोळखी लोकांना इंग्रजीत संदेश पाठवले. एकाने उत्तर दिलं, एकच प्रश्न: कॉपी आहे का? जिन्यावर पप्पांच्या चपला वाजल्या तशी मी लॅपटॉपची इंटरनेटची वायर काढली. ताईला पलंगावर ठेवताना तिने आधी फ्रिजकडे बघितलं. "चालू आहे ना?" "हो," मी म्हणालो, "पण इंटरनेट गेलंय." ती दमलेली, तिने ते खरं मानलं. त्या दिवशी आईने मुद्दाम मटण केलेलं, सोमवारनंतर ताईला काय खाता येईल कुणास ठाऊक म्हणून. आई तिला भरवत होती आणि मी समोर बसून एकही घास गिळू शकत नव्हतो. आईला वाटलं, मला बहिणीची काळजी लागलीय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन होईना.

मला एकच नाव आठवत होतं, लिमये बाई. त्या डोंबिवलीच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. परदेशातल्या नातवाशी बोलायला विषय हवा म्हणून त्या खेळायला लागल्या आणि मग नातवाने खेळणं सोडलं तरी खेळत राहिल्या. ताईची त्यांच्याशी रोज बोलाचाल असायची. बोलताबोलता ताईने कधीतरी त्यांना जगाची कॉपी दिल्याचं माझ्या कानावर होतं. रविवारी सकाळी मित्राची स्कूटर मागून घेतली आणि शिळफाट्याच्या धुळीतून, ट्रकांच्या मधून डोंबिवली गाठली. दार उघडलं ते पातळशा, पांढरे केस बारीक कापलेल्या बाईंनी. मी नाव सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, "तू सुजाताचा भाऊ. ये. काल मीही तिथेच होते, पूल गेला तशी नदीत पडले."

मी दारातच रडायला लागलो. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, ताक दिलं आणि मी ऑपरेशन, एका बटणाचा मॉड, पुसलेली कॉपी असं सगळं सांगत गेलो ते मध्ये एकदाही न थांबवता ऐकलं. मग आतून एक पेनड्राइव्ह आणला. "ही कॉपी आहे खरी. पण आठ महिन्यांपूर्वीची. त्यानंतरचं यात काही नाही." मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. आठ महिने तर आठ महिने! शहर तरी होतं. मी उठलो तशा त्या म्हणाल्या, "हे बघ बाळ, घरी जाऊन आधी हे लावू नकोस. आधी तिला सांग."

"उद्या ऑपरेशनला जायचंय तिला. आज सांगू?"

"उद्या ऑपरेशनला जायचंय म्हणूनच आज सांग," त्या म्हणाल्या. "तिचं आहे ते. तिला माहीत नसताना तू त्याचं काही करायचं नाहीस."

परत येताना मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. त्यांना काय जातंय सांगायला, असं सारखं मनात येत होतं. घरी आलो तेव्हा संध्याकाळ झालेली. आई दुसऱ्या खोलीत बुद्धवंदना म्हणत होती आणि ताईची बॅग भरून दारापाशी ठेवलेली. ताई पडल्या पडल्या छताकडे बघत होती. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सांगून टाकलं. कॉपी काढली नाही इथपासून सगळं.

तिने नजर छतावरून फ्रिजकडे वळवली. मग म्हणाली, "त्याने विचारलं असेल ना? पुढे जायचं का म्हणून?"

"हो."

"मग?"

"मी वाचलंच नाही गं नीट."

ती रडली. तिला स्वतःचे डोळे पुसता येत नव्हते आणि मी पुसायला हात पुढे केला तर तिने मान फिरवली. तेवढी मान फिरवायलाही तिला कष्ट पडायचे. मी पेनड्राइव्ह काढला, तिला दिसेल असा धरला. "ताई, लिमये बाईंकडे जुनं आहे. आठ महिन्यांपूर्वीचं. सगळ्या काचा आहेत त्यात, पूल आहे. आत्ता लावतो, अर्ध्या तासात होईल."

"आठ महिन्यांपूर्वी माझे दोन्ही हात चालत होते," ती म्हणाली.

मला कळलं नाही. ती भिंतीकडेच बघत बोलत राहिली. "तेव्हाचं सगळं मी पटापट बांधलेलं रे. त्याचं काही नाही. नंतरचं जे आहे ना, शाळा, विहीर, ती घाटाची पायरी, ते एकेक वीट बांधलंय. तू माउस धरून. त्यातला दगड तरी उरलाय ना?"

"दगड आहे. काचाच गेल्यात."

"मग ते राहू दे." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मी परत नाही आले तरी तो पेनड्राइव्ह लावायचा नाही. ऐकतोयस ना?"

मी हो म्हणालो. तिने मला माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

सोमवारी पप्पांनी तिला पाठीवर घेतलं. पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ऑपरेशन ठरल्यापेक्षा खूप लांबलं. मग ती आयसीयूत, तोंडात नळी, छाती मशिनच्या तालावर वर-खाली. दोनदा नळी काढून बघितली, दोनदा परत घालावी लागली. आई कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसून राहायची, घरून आणलेला डबा तसाच परत न्यायची. पप्पा ड्युटी करून यायचे, युनिफॉर्मवरच, आणि काचेतून बघून माझ्या शेजारी बसायचे. दुसऱ्यांदा नळी घातली त्या दिवशी डॉक्टरांनी पप्पांना बाजूला नेलं. परत आल्यावर पप्पांनी भिंतीला हात टेकला. असं करताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं, भर ट्रॅफिकमध्ये बसचा दांडासुद्धा न धरता ते उभे राहायचे. मी तेव्हा मनात एकच म्हणत होतो: तिच्या डोळ्यांसमोरचं शेवटचं जग मी मोडून तिला आत पाठवलं. सर्व्हरला मी त्या काळात हातसुद्धा लावला नाही. फ्रिज उघडायचा तर मान खाली घालून उघडायचो.

आज मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात हेच काम करतो, दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो. नव्या मुलांना मी काही बदलण्याआधी थांबवतो, स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचायला लावतो. ती आपापसात हसतात ते मला माहीत आहे. ताई त्यानंतर सात वर्षं होती. त्यांतली निदान पाच तरी चांगली गेली. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला उगाच घोर नको.

ती दीड महिन्याने घरी आली. पाठ सरळ, आवाज बारीक, आणि उजव्या हाताचं फक्त एक बोट चालत होतं. दोन दिवस तिने गेमचं नाव काढलं नाही, मीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "लाव." मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, बेलचं बटण तिच्या बोटाखाली दिलं आणि मागे सरलो. मला बघायचंच नव्हतं.

गेममधलं तिचं माणूस शहराच्या वेशीवर उभं राहिलं. पट्टी सरकली. तिने दाबलं. एक पाऊल पुढे. त्या मॉडमध्ये उडी मारता येत नव्हती, म्हणजे एक ठोकळा उंच काही आलं की ती अडकणार, आणि आमचं शहर तर सगळं पायऱ्यांचं, खड्ड्यांचं. ती चालत गेली, चालतच राहिली. कुठेच अडकली नाही. तेव्हा मी खाली वाकून नीट बघितलं. तिच्या पायाखाली रस्ता होता. दोन ठोकळे रुंद, साध्या दगडाचा, सपाट. जिथे पायऱ्या होत्या तिथे बाजूने उतार केलेला. पुलाच्या खांबांवर लाकडी फळ्या टाकलेल्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. रस्ता शाळेपाशी गेला, विहिरीला वळसा घालून घाटावर गेला, प्रत्येक घराच्या दारात गेला. दर दहा पावलांवर मशाल होती. दीड महिना त्या लोकांनी काचा परत लावल्या नव्हत्या, कंदील लावले नव्हते. फक्त हे केलेलं.

वाचनालयाच्या दारात लिमये बाई उभ्या होत्या. चॅटमध्ये त्यांची ओळ आली: "ये सुजाता. छप्पर तू सांगशील तसं घालू."

ताईला एकेक अक्षर लिहायला वेळ लागायचा. ती दारातून आत गेली, उघड्या आभाळाखाली मधोमध थांबली आणि बटण दाबत सावकाश चारी बाजूंना फिरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जेवलास का?"

"नाही."

"मग जा ना. मी आहे इथे."

मी स्वयंपाकघरात गेलो. आईने ताटात भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं आणि मी जमिनीवर मांडी घालून बसलो. बाहेरच्या खोलीतून बेलचं बटण वाजत होतं, थांबत, पुन्हा वाजत. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आईकडे तिसरी मागितली.